बायलिनियरमध्ये सरळ रेषेचं वर्तुळ होतं कसं, आणि 'अनंत' नेमका असतो कुठे?

टीवाय_कोल्हापूर

नमस्कार. मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसच्या पेपरात बायलिनियर ट्रान्सफॉर्मेशनवर एक गणित हमखास येतं. तीन बिंदू दिलेले असतात, त्यांच्या तीन प्रतिमा दिलेल्या असतात, सूत्र काढा. क्रॉस रेशो (चार बिंदूंमधल्या अंतरांचं ठरलेलं गुणोत्तर) मांडायचा, तिरका गुणाकार करायचा, उत्तर आलं. मार्क पूर्ण मिळतात. पण आपण काय केलं हे मला आतून कळत नाही, आणि त्याचा त्रास होतो.

इथे मराठीत टाईप करतोय म्हणून झेडला 'झ' लिहितो, आणि जिचा वर्ग −१ त्या संख्येला 'आय'. म्हणजे आपलं रूपांतर असं:

व = (अझ + ब) / (कझ + ड), आणि अड − बक शून्य असता कामा नये.

काल हे एक घेऊन बसलो होतो: व = (झ − १) / (झ + १). पुस्तक म्हणतं, याने उजवं अर्धं प्रतल एकक वर्तुळाच्या आत जातं. मी आकडे घालून पाहिले. ० चा −१ झाला. १ चा ० झाला. आय जागचा हलला नाही, −आय पण नाही. म्हणजे उभा अक्ष खरंच वर्तुळावर चाललाय. पण वर आणि खाली न संपणारी रेषा बंद वर्तुळ कशी काय होते? दोन टोकं जुळतात ती कुठे? पुस्तकात 'अनंताची प्रतिमा १' असं एका ओळीत लिहून टाकलंय. वर्गात विचारलं तर "तसं मानायचं" एवढंच उत्तर मिळालं.

मानायला माझी ना नाही. पण कुणाला हे *दिसलं* असेल तर सांगा.

डोंगरमाथा

तुझा प्रश्न वाचला आणि एक जुनी लाकडी पेटी डोळ्यांसमोर आली. तिच्यापर्यंत येतो, आधी थोडं मागून सांगतो.

मी प्रक्षेपण केंद्रांवर एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. तू लिहिलेलं हेच सूत्र आमचं रोजचं काम होतं. आम्ही त्याला स्मिथ चार्ट म्हणायचो. बेल लॅब्जमधल्या फिलिप स्मिथ या इंजिनिअरनं तो १९३९ च्या जानेवारीत 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात मांडला. जपानमध्ये तोसाकू मिझुहाशींनी १९३७ सालीच तसा तक्ता काढला होता. एक गोल, आत एकमेकांना चिकटून बसलेली वर्तुळं, कडेला तरंगलांबीचे बारीक आकडे. आमच्या छापील गठ्ठ्यातल्या प्रत्येक वापरलेल्या कागदाला मधोमध कर्कटकाच्या टोकाचं भोक असायचं.

ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत केबल जाते. केबलला स्वतःचा एक इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या लाटेला होणारा अडथळा, असतो, आमच्याकडे ५० ओहम. अँटेनाही ५० ओहमचा असेल तर पाठवलेली सगळी शक्ती त्यात जाते. नसेल तर काही भाग उलटा ट्रान्समीटरकडे येतो. अँटेनाच्या इम्पिडन्सला ५० ने भागलंस की जो आकडा येतो तो तुझा झ. परत आलेली लाट भागिले गेलेली लाट, हा तुझा व. दोघांमधलं नातं म्हणजे (झ − १) / (झ + १). झ बरोबर १ असेल तर व शून्य, काहीच परत येत नाही.

आता तुझं अर्धं प्रतल बघ. झ चा वास्तव भाग म्हणजे रोध. अँटेना, तार, दिवा, यांतल्या कशाचाही रोध ऋण नसतो, म्हणून झ उजवीकडेच राहणार. आणि जेवढी लाट गेली त्याहून मोठी परत येऊ शकत नाही, म्हणून व एकक वर्तुळाच्या बाहेर पडणार नाही. तुझ्या पुस्तकातलं ते वाक्य आमच्यासाठी ऊर्जेचा साधा हिशेब होता.

राहिला अनंत. केबलच्या टोकाला काहीही जोडू नकोस, मोकळं सोड. रोध किती? अनंत. लाट टोकाशी जाते, पुढे वाट नाही, जशीच्या तशी परत येते. परत आलेली भागिले गेलेली, एक भागिले एक. झाला ना अनंताचा १? टोक शॉर्ट केलंस तर झ शून्य, लाट परत येते पण चिन्ह बदलून, म्हणून −१.

उभ्या अक्षाची टोकं कुठे जुळतात तेही असंच बघ. अक्षावर वर जाणं म्हणजे केबलच्या टोकाला कॉइल लावून ती मोठी मोठी करत जाणं. खाली जाणं म्हणजे कपॅसिटर लावून तो लहान लहान करत जाणं. खूप मोठी कॉइल त्या फ्रिक्वेन्सीला करंट जाऊच देत नाही. अगदी इवलासा कपॅसिटरही जाऊ देत नाही. केबलला दोन्ही सारखेच, तार तुटल्यासारखे. वरून जा, खालून जा, किंवा नुसता रोध वाढवत उजवीकडून जा, सगळे जण त्या एकाच 'मोकळ्या टोका'शी येतात. चार्टवर ती जागा उजवीकडे कडेला आहे. बोट ठेवता येतं.

आता ती पेटी. आमच्याकडे पुढे नेटवर्क अ‍ॅनालायझर आला. तो व थेट मोजून पडद्यावर ठिपका दाखवतो. पण यंत्राचे आणि जोडणीच्या केबलचे स्वतःचे दोष असतात, त्यामुळे खरा व एक आणि दिसणारा व दुसरा. गंमत अशी की खऱ्यापासून दिसणाऱ्याकडे नेणारं रूपांतरही तुझं बायलिनियरच असतं. त्यात तीन अज्ञात. म्हणून पेटीत स्पंजच्या खाचांत तीन पितळी तुकडे ठेवलेले असत: ओपन (मोकळं टोक), शॉर्ट आणि लोड (बरोबर ५० ओहमचा). रोज कामाआधी एकेक जोडायचा. या तिघांचे खरे व आपल्याला माहीत आहेत, १, −१ आणि ०. यंत्राला काय दिसतं ते यंत्र टिपून घेतं. तीन बिंदू, तीन प्रतिमा, सूत्र काढा. तुझ्या पेपरातलं गणित, जसंच्या तसं.

एका जुलैत डोंगरावर धुकं आणि पाऊस आठवडाभर हटला नव्हता. सकाळी कॅलिब्रेशन करून अँटेना मोजला तर ठिपका मध्यापासून बराच दूर. आम्ही दोघं पावसात टॉवरवर चढलो, कनेक्टर उघडला, पुसला, नवी टेप गुंडाळली. खाली येऊन पाहिलं तर ठिपका तिथेच. दुपारी सहज म्हणून तो लोडचा पितळी तुकडा उजेडात धरला तर आत मधल्या पिनेभोवती ओल होती. म्हणजे ज्याला आपण ० म्हणत होतो तो ० नव्हताच, आणि त्या एका चुकीच्या बिंदूमुळे अख्खं प्रतल सरकलं होतं. लोड वाळवला, तिन्ही तुकडे पुन्हा लावले, अँटेना मधोमध आला. तीन बिंदू सगळं ठरवतात हे तू वहीत लिहितोस. मी ते त्या दिवशी भिजलेल्या अंगानं शिकलो आणि पुन्हा कधी विसरलो नाही.

अंश_छेद

डोंगरमाथा काका, ओपन-शॉर्ट-लोडचं मला माहीत नव्हतं. वीस वर्षं हा टॉपिक शिकवतेय. या वर्षी वर्गात हेच आधी सांगणार.

आता कोल्हापूरच्या मित्रा, बीजगणितातून रेषेचं वर्तुळ कसं होतं ते बघ. पुस्तकं इथे फार घाई करतात. एकदम अख्खं सूत्र अंगावर घेऊ नकोस. आधी भागाकार कर:

(झ − १) / (झ + १) = १ − २ / (झ + १)

म्हणजे चार सोप्या पायऱ्या. १ मिळव, व्यस्त घे, −२ ने गुण, परत १ मिळव. मिळवण्यानं आकृती नुसती सरकते. −२ ने गुणल्यानं ती दुप्पट होते आणि अर्धा फेरा फिरते. यात रेषा रेषाच राहते, वर्तुळ वर्तुळच. जे काही वाकतं ते फक्त व्यस्त घेताना.

मग व्यस्ताचं एकदाच नीट करून टाकू. रेषा आणि वर्तुळ दोन्ही एकाच समीकरणात बसतात:

प(क्ष² + य²) + फक्ष + भय + म = ०

प शून्य असेल तर रेषा, नसेल तर वर्तुळ. आता झ चा व्यस्त उ + आय·ऊ समज. तर क्ष = उ/(उ² + ऊ²) आणि य = −ऊ/(उ² + ऊ²). वर घाल, छेद काढून टाक, उरतं ते:

म(उ² + ऊ²) + फउ − भऊ + प = ०

प आणि म यांनी जागा बदलल्या, एवढंच घडलं. मूळ रेषा शून्यातून जात नसेल तर म शून्य नसतो, म्हणून व्यस्त घेतल्यावर वर्तुळ होतं. आणि रेषेला प नव्हता, म्हणून नव्या समीकरणात सुटं पद नाही, म्हणजे ते वर्तुळ शून्यातून जातं. का जातं? कारण रेषा अनंतातून जात होती, आणि अनंताचा व्यस्त शून्य. काकांचं मोकळं टोक ते हेच.

रोध १ असलेली उभी रेषा घेऊन चारही पायऱ्या कागदावर कर. १ मिळवलास की ती २ वर जाते. व्यस्तानं ० ते १/२ व्यासाचं वर्तुळ. −२ ने गुणल्यावर ० ते −१. परत १ मिळवला की १ ते ०. म्हणजे केंद्र १/२, त्रिज्या १/२. रोध १ च्या जागी 'र' ठेवलास तर केंद्र र/(र + १), त्रिज्या १/(र + १) येईल. सगळी वर्तुळं १ या बिंदूला शिवतात. काकांच्या चार्टवर उजव्या टोकाला जी गर्दी आहे ती ही.

ऑगस्ट मोबियसचं यावरचं काम १८५५ सालचं. तो लाइपझिगच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ होता. त्याने वर्तुळांचं वर्तुळांत जाणं हाच विषयाचा पाया धरला, सूत्र नंतर. आपल्या अभ्यासक्रमात क्रम उलटा आहे, आणि मला वाटतं मुलांची अडचण तिथेच सुरू होते.

टीवाय_कोल्हापूर

मॅडम, काका, दोघांचेही खूप आभार. चारही पायऱ्या ग्राफपेपरवर काढल्या. प आणि म जागा बदलतात हे तर मी दोनदा करून पाहिलं, इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

मग काकांच्या अँटेनाचं करून बघावं म्हणून शोधलं तर साध्या अर्धतरंग डायपोलचा (अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या अँटेनाचा) इम्पिडन्स ७३ + ४२.५ आय ओहम असतो असं मिळालं. सूत्रात घातला: (७२ + ४२.५ आय) / (७४ + ४२.५ आय). याचं मान ०.९८ आलं. म्हणजे जवळजवळ सगळी लाट परत? मग लोक डायपोल वापरतात कशाला? कुठे चुकलो?

डोंगरमाथा

५० ने भागायचं राहिलं. झ म्हणजे ओहम नव्हेत, ओहम भागिले ५०. ७३ चे होतात १.४६ आणि ४२.५ चे ०.८५. आता (०.४६ + ०.८५ आय) / (२.४६ + ०.८५ आय) कर. मान ०.३७ येईल. शक्तीसाठी त्याचा वर्ग, साधारण ०.१४. शंभरातले चौदा परत, श्याऐंशी आत. आणि डायपोल किंचित आखूड कापला की तो आय चा भाग जातो, उरतो फक्त रोध, मग ठिपका आणखी मध्याकडे सरकतो. आम्ही पडद्यावर नजर ठेवून कात्रीनं थोडं थोडं कापायचो.

पहिल्यांदा सगळे इथेच चुकतात. करून पाहिलंस हे फार छान केलंस.

आता चार्टवरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. केबल लांब केलीस तर तिच्या तोंडाशी दिसणारा झ बदलतो. तो कसा बदलतो याचं सूत्र, ट ही केबलच्या लांबीवर अवलंबून असणारी संख्या धरली तर, असं:

नवा झ = (झ + आय·ट) / (१ + आय·ट·झ)

हेही बायलिनियर. झ च्या भाषेत हे डोक्यात ठेवणं अवघड. पण व च्या भाषेत हेच रूपांतर म्हणजे फक्त मध्याभोवती फिरणं. कर्कटकाचं टोक मध्यात रोवायचं, पेन्सिल ठिपक्यावर ठेवायची आणि केबलच्या लांबीइतकी फिरवायची. अर्ध्या तरंगलांबीला एक पूर्ण फेरा. पाव तरंगलांबीला अर्धा फेरा, म्हणजे २५ ओहमचे १०० होतात, १०० चे २५. कागदाला मधोमध भोक पडायचं ते यामुळे.

अंश_छेद

काकांनी जे सांगितलं त्याच्या मुळाशी स्थिर बिंदू आहेत, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

केबलच्या सूत्रात 'नवा झ = झ' मांड. झ² = १ उरतं, ट उडून जातो. म्हणजे केबल कितीही लांब असो, १ आणि −१ जागचे हलत नाहीत. आता चार्टचं सूत्र बघ. (झ − १) / (झ + १) नेमकं काय करतं? एका स्थिर बिंदूला ० वर नेतं, दुसऱ्याला अनंतावर. ज्या बायलिनियर रूपांतराचे स्थिर बिंदू ० आणि अनंत आहेत ते नुसत्या गुणाकाराशिवाय दुसरं काही असू शकत नाही. इथे गुणणाऱ्या संख्येचं मान १ आहे, म्हणून फिरणं.

हीच युक्ती आपल्या जुन्या गणितात लावून बघ. क्ष च्या जागी (क्ष + २) / (क्ष + १) ठेवत जा. १ पासून सुरुवात: १, ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७०, २३९/१६९, ५७७/४०८. शेवटचा अपूर्णांक ओळखीचा आहे का? बौधायन शुल्बसूत्रात २ च्या वर्गमुळासाठी १ + १/३ + १/(३·४) − १/(३·४·३४) दिलंय, त्याची बेरीज बरोबर ५७७/४०८ होते. शुल्बसूत्रकारांनी ती याच वाटेनं काढली असं मी म्हणत नाही. अपूर्णांक मात्र तोच.

या रूपांतराचे स्थिर बिंदू २ चं धन आणि ऋण वर्गमूळ. काकांच्या चार्टसारखंच (क्ष − √२) / (क्ष + √२) काढून बघ. प्रत्येक पायरीला ते फक्त एका संख्येनं गुणलं जातं, साधारण −०.१७१६ ने. ऋण आहे म्हणून अपूर्णांक एकदा खाली, एकदा वर असे उड्या मारतात. मान १ पेक्षा लहान म्हणून मध्यात गोळा होतात. काकांच्या केबलवर मान १ होतं म्हणून ठिपका गोल फिरत राहायचा. इथे तो आत आत येतो. दोन्हीकडे कागद तोच, फक्त गुणणारी संख्या वेगळी.

टीवाय_कोल्हापूर

मॅडम, १ आणि ३/२ घालून पाहिलं. पहिल्याला −०.१७१६, दुसऱ्याला ०.०२९४. खरंच वर्ग झाला.

शेवटचं एक विचारतो. अनंत कुठे जातो ते कळलं. पण −१ कुठे जातो? तिथे छेद शून्य होतो, म्हणजे तो अनंतावर गेला, हे बीजगणितानं कळतं. पण काका, तुमच्या चार्टवर −१ म्हणजे काय? ऋण रोध तर नसतो म्हणालात.

डोंगरमाथा

अँटेना, तार आणि दिव्याचा नसतो म्हणालो. टनेल डायोड किंवा गन डायोडला योग्य व्होल्टेज दिलं तर एका पट्ट्यात व्होल्टेज वाढवल्यावर करंट कमी होतो. तेवढ्या भागात तो बारीक लहरीला ऋण रोधासारखा वागतो. बॅटरीतली शक्ती घेऊन तो, गेलेल्या लाटेपेक्षा मोठी लाट परत पाठवतो. मग व चं मान १ पेक्षा मोठं होतं आणि ठिपका चार्टच्या बाहेर पडतो.

आता तो ऋण रोध बरोबर −५० ओहमवर आणायचा, म्हणजे झ = −१. गेलेली लाट शून्य असली तरी परत येणारी लाट असते. काहीही न पाठवता केबलमधून सिग्नल येत राहतो. त्याला ऑसिलेटर म्हणतात. छेद शून्य झाला की यंत्र स्वतःहून वाजायला लागतं.